जनुकाचा निरोप्या : आरएनए

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या थेंबावर एका विशिष्ट निळ्या रंगाची प्रक्रिया करून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बहुतेक तांबड्या पेशी सारख्याच आणि आतून कोऱ्या दिसतात. मात्र शंभरांत एखाद-दुसऱ्या पेशीत निळ्या धाग्यांचे विरळ जाळे आढळते. ही अस्थिमज्जेतून नुकतीच बाहेर पडलेली कोवळी रक्तपेशी होय. आपले केंद्रक तिने मज्जेतच टाकून दिलेले असते. म्हणजे ज्यात आनुवंशिक माहिती साठविलेली असते, तो केंद्रकातील डीएनए तिच्यापाशी उरलेला नसतो. तरीही पुढे एक-दोन दिवस ती हिमोग्लोबिन तयार करीतच राहते. मूळ दप्तर हातचे गेल्यावरही काम चालू कसे राहते, याचे उत्तर त्या निळ्या जाळ्यात आहे. ते जाळे असते आरएनएचे. पंडुरोगाच्या रुग्णाची मज्जा नवे रक्त किती जोमाने तयार करीत आहे, हे अशा पेशींच्या गणतीवरून ठरविले जाते. ही गणती नित्याची आहे. परंतु तीत आपण आरएनएच पाहत असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

शालेय पुस्तकांत आनुवंशिकतेच्या प्रकरणात डीएनएला मानाचे पान मिळते आणि आरएनए दोन ओळींत आटोपला जातो. हे त्या रेणूवर अन्यायाचे तर आहेच, पण विद्यार्थ्यांच्याही तोट्याचे आहे. कारण जनुक असणे आणि जनुकाचा परिणाम दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंमधील सारा प्रवास आरएनएच्या हातून होतो. विदर्भात आणि नंदुरबार-धुळे भागात आढळणारा सिकलसेल आजार, शहरांतून आणि खेड्यांतून आढळणारा थॅलेसेमिया, तसेच करोनाच्या साथीत पुढे आलेल्या नव्या प्रकारच्या लसी या सर्वांचे मर्म या प्रवासाच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर आहे. हिमोग्लोबिन हे एकच उदाहरण घेऊन हा प्रवास येथे पाहू या.

मूळ दप्तर आणि नक्कल

मानवी पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए घड्या घालून ४६ गुणसूत्रांत बसविलेला असतो. ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन आणि थायमीन ही त्याची चार रासायनिक अक्षरे. सोयीसाठी त्यांना अ, ग, स आणि थ म्हणू. या चार अक्षरांच्या क्रमातच प्रथिने घडविण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात. अशा सूचना देणारी जनुके माणसात सुमारे वीस हजार आहेत. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. अल्फा साखळीची जनुके सोळाव्या गुणसूत्रावर, तर बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते.

महसूल खात्याच्या कामकाजाशी परिचित असलेल्या वाचकांना पुढील व्यवस्था लगेच ध्यानात येईल. अभिलेख कक्षातील मूळ नोंदवही बाहेर दिली जात नाही. ज्याला जी नोंद हवी, त्याला तेवढ्याच नोंदीची नक्कल मिळते आणि पुढचे काम त्या नकलेवर चालते. पेशीतही हेच घडते. केंद्रकातील डीएनए जागचा हलत नाही. एक विकर हव्या त्या जनुकावरून सरकत जाते आणि त्याची आरएनएच्या रूपात नक्कल तयार करते. या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात. तयार झालेला संदेशवाहक आरएनए केंद्रकाबाहेर जातो आणि तेथे त्याच्या आधारे प्रथिन घडविले जाते. एका जनुकावरून हजारो नकला काढता येतात, त्यामुळे थोड्या अवधीत पुष्कळ माल तयार होऊ शकतो. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि आपली मज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक पेशी रक्तात सोडते, हे लक्षात घेतले म्हणजे नकलांची आवश्यकता वेगळी सांगावी लागत नाही.

ही उपमा एका ठिकाणी मात्र अपुरी पडते. कचेरीतील नक्कल जपून ठेवण्यासाठी असते; पेशीतील नक्कल नष्ट होण्यासाठी असते. आरएनएमधील शर्करेत डीएनएच्या शर्करेपेक्षा ऑक्सिजनचा एक अणू अधिक असतो आणि त्यामुळे हा रेणू लवकर तुटतो. थायमीनच्या जागी त्यात युरॅसिल हे अक्षर येते, त्याला यु म्हणू. डीएनए दुपदरी असतो, तर आरएनए बहुधा एकपदरी असतो. या नाजूकपणाकडे दोष म्हणून पाहू नये. जुने आदेश वेळेवर रद्द झाले नाहीत, तर पेशीला आपले काम बदलताच येणार नाही. बहुतेक संदेश काही मिनिटांत किंवा काही तासांत मोडून टाकले जातात. हिमोग्लोबिनचा संदेश त्या मानाने चिवट असतो, म्हणूनच केंद्रक गेल्यानंतरही कोवळी रक्तपेशी काही काळ आपले काम रेटू शकते.

असा अल्पायुषी निरोप्या पेशीत असतो, हे १९६१ साली सिद्ध झाले. सिडनी ब्रेनर, फ्रान्स्वा जेकब आणि मॅथ्यू मेसेल्सन यांनी जिवाणूंना एका विषाणूची लागण केली. विषाणू आत शिरल्यावर जिवाणूच्या पेशीतील प्रथिने बांधणारे जुनेच कण, म्हणजे रायबोसोम, विषाणूची प्रथिने बांधू लागले. नवीन आला होता तो केवळ विषाणूचा आरएनए. रायबोसोम हे यंत्र आहे, आज्ञा नव्हे. आज्ञा बाहेरून येते आणि ती बदलता येते, असा याचा अर्थ होता.

तीन अक्षरांचे शब्द

निरोप मिळाला, तरी त्याची भाषा कळल्यावाचून उपयोग नाही. प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि आरएनएची अक्षरे तर चारच. त्याच १९६१ साली अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि त्यांचे सहकारी हाइनरिख माथाई यांनी केवळ यु या एकाच अक्षराची माळ असलेला कृत्रिम आरएनए तयार करून तो जिवाणूंच्या पेशीरसात मिसळला. त्यातून फेनिल-ॲलनीन या एकाच अमिनो आम्लाची साखळी तयार झाली. सांकेतिक भाषेतील पहिला शब्द सापडला होता : यु-यु-यु म्हणजे फेनिल-ॲलनीन.

पुढील शब्द उलगडण्यात हरगोविंद खोराना यांचा वाटा मोठा आहे. त्यांचा जन्म तत्कालीन मुलतान जिल्ह्यातील, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या, रायपूर या लहानशा गावी झाला. सुमारे शंभर वस्तीच्या त्या गावात लिहिता-वाचता येणारे जवळजवळ त्यांचेच एक कुटुंब होते. वडील पटवारी होते, म्हणजे आपल्याकडील तलाठी. मुलांना शिकविण्याचा त्यांनी आग्रह धरला आणि हरगोविंदांची पहिली शाळा झाडाखाली भरली. याच मुलाने पुढे अक्षरांचा क्रम आधीच ठाऊक असलेले आरएनए प्रयोगशाळेत बांधून दाखविले. यु आणि स ही अक्षरे आळीपाळीने असलेल्या माळेतून सेरीन आणि ल्युसीन ही दोन अमिनो आम्ले आळीपाळीने जोडली गेली. यु-स-यु आणि स-यु-स हे दोन शब्द एकामागून एक वाचले जात होते, असा याचा अर्थ. शब्द तीन अक्षरांचा असतो, याला यामुळे बळकट पुरावा मिळाला. चार अक्षरांतून तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द होतात. त्यांपैकी ६१ अमिनो आम्ले दर्शवितात आणि तीन हे पूर्णविराम आहेत. १९६८ सालचे नोबेल पारितोषिक खोराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली या तिघांना मिळून देण्यात आले.

हॉली यांचे काम दुसऱ्या प्रकारच्या आरएनएवर होते. त्याला वाहक आरएनए म्हणता येईल. या छोट्या रेणूच्या एका टोकाला तीन अक्षरे अशी असतात की, ती संदेशातील तीन अक्षरांशी जुळतात. दुसऱ्या टोकाला त्या शब्दाशी निगडित अमिनो आम्ल असते. एकीकडे आरएनएची आणि दुसरीकडे प्रथिनांची अशा दोन्ही भाषा जाणणारा हा दुभाषी आहे. अशा एका रेणूचा संपूर्ण अक्षरक्रम हॉली यांनी १९६५ साली प्रसिद्ध केला.

संदेशाचे वाचन रायबोसोमवर होते. येथेही आरएनएच प्रमुख आहे. पेशीतील एकूण आरएनएपैकी सुमारे ८० टक्के रायबोसोममध्येच असतो. आपण सुरुवातीला पाहिलेले निळे जाळे प्रामुख्याने याच आरएनएचे असते. अमिनो आम्ले एकमेकांना जोडण्याचे काम रायबोसोममधील प्रथिने करीत असावीत, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. २००० सालच्या सुमारास रायबोसोमची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली आणि जोडकामाच्या जागी फक्त आरएनए असल्याचे दिसून आले. या संशोधनासाठी २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत वेंकटरामन रामकृष्णन हे होते. त्यांचा जन्म चिदंबरमचा आणि पदवीपर्यंतचे शिक्षण बडोद्याचे. व्यवहारातही याचे महत्त्व आहे. क्षयरोगावर दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसीन, तसेच टेट्रासायक्लीन व एरिथ्रोमायसीन ही औषधे जिवाणूंच्या रायबोसोममधील आरएनएला चिकटून त्यांचे प्रथिन-बांधकाम बिघडवितात. माणसाच्या रायबोसोमची घडण थोडी निराळी असल्याने रोगी वाचतो आणि जंतू मरतो.

एका अक्षराचा फेर

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. रायबोसोम ती एक-दोन मिनिटांत जोडून मोकळा होतो. या साखळीतील सहाव्या जागेचा शब्द निरोगी माणसात ग-अ-ग असा असतो आणि त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलच्या जनुकात या शब्दातील मधले एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे संदेश ग-यु-ग असा निघतो आणि त्या जागी व्हॅलिन बसते. साखळीत इतरत्र कसलाही फरक नसतो. येथे नक्कल बिनचूक असते, वाचनही बिनचूक असते. मूळ नोंदच बदललेली असते.

एवढ्याशा फरकाने होणारा परिणाम मात्र भयंकर आहे. प्राणवायू सोडून दिल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कडक काड्या बनतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडांत व सांध्यांत असह्य वेदना होतात, प्लीहा निकामी होते, वारंवार जंतुसंसर्ग होतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही पेशी दहा ते वीस दिवसच. हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. नेमका फरक कोठे आहे, हे १९५६ च्या सुमारास व्हर्नन इंग्राम यांनी शोधले. भारतात हे जनुक असल्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींच्या तपासणीतून झाली.

महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, माडिया, परधान आदी जमातींत शंभरांमागे वीस ते पस्तीस व्यक्ती या जनुकाच्या वाहक असल्याचे पाहण्यांतून आढळले आहे. हे प्रमाण एवढे अधिक का, याचेही कारण आहे. ज्याच्याकडे असे एकच जनुक असते, त्याचे घातक हिवतापापासून बालपणी बऱ्याच अंशी रक्षण होते. पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाच्या प्रदेशात राहिलेल्या लोकांत म्हणूनच हे जनुक टिकून राहिले. कोणत्याही जमातीच्या चालीरीतींशी किंवा आहाराशी याचा संबंध लावणे चुकीचे आहे. क्वचित असे बोलले जाते आणि त्यामुळे माणसे तपासणीला येण्यास कचरतात.

वाहक आणि रुग्ण यांतील भेद ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे जनुक आले असेल, तर ती व्यक्ती वाहक. तिच्या पेशीत दोन्ही प्रकारचे संदेश तयार होतात, पुरेसे चांगले हिमोग्लोबिन बनते आणि सामान्यतः ती निरोगी आयुष्य जगते. दोघांकडून आले तर आजार. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, अशी समजूत पुष्कळांची असते. ती बरोबर नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. चंद्रपूर येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचे केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

काटछाटीतील चूक

थॅलेसेमियात घडते ते याहून निराळे आहे आणि आरएनएच्या दृष्टीने अधिक उद्‌बोधक आहे.

१९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी असे दाखवून दिले की, जनुकातील मजकूर सलग नसतो. अर्थपूर्ण भागांच्या मध्ये निरर्थक वाटावेत असे मजकूर घुसलेले असतात. बीटा जनुकात अर्थपूर्ण भाग तीन आणि मधले अडथळे दोन आहेत. पहिला अडथळा १३० अक्षरांचा, दुसरा सुमारे ८५० अक्षरांचा. नक्कल काढताना हे सर्वच उतरवून घेतले जाते. नंतर केंद्रकातच तिची काटछाट होते : अडथळे कापून टाकले जातात, अर्थपूर्ण भाग एकमेकांना जोडले जातात आणि मगच संदेश बाहेर पाठविला जातो. कापण्याची जागा ओळखण्याचे कामही एक छोटा आरएनए करतो. अडथळ्याच्या आरंभीच्या काही अक्षरांशी त्याची स्वतःची अक्षरे जुळली, म्हणजे येथे कापावे असे ठरते.

भारतात बीटा थॅलेसेमियाचे जे जनुकीय बदल आढळतात, त्यांतील सर्वांत अधिक आढळणारा बदल नेमका याच जागी आहे. पहिल्या अडथळ्यातील पाचवे अक्षर ग असायचे, ते स झालेले असते. हे अक्षर प्रथिनाच्या सूचनेचा भागच नाही. ते कापून फेकूनच द्यायचे असते. परंतु ते बदलल्यामुळे कापणाऱ्या आरएनएची पकड सैल होते. तो आजूबाजूच्या भलत्याच जागा निवडतो आणि बहुतेक संदेश निरुपयोगी होऊन बाद होतात. नीट कापलेले थोडेच उरतात. परिणामी बीटा साखळीचा दुष्काळ पडतो. ज्या मुलाला असे जनुक दोन्ही पालकांकडून येते, त्याला साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्या रक्तातून साचणारे लोह शरीराबाहेर काढण्यासाठी जन्मभर औषधे घ्यावी लागतात. त्या कुटुंबाची आर्थिक व मानसिक ओढाताण किती होते, हे रक्तपेढीत काम करणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

या आजाराचा वाहक ओळखण्यात एक अडचण येते. त्याच्या तांबड्या पेशी आकाराने लहान असतात आणि हिमोग्लोबिन किंचित कमी भरते. लोहाच्या अभावी होणाऱ्या पंडुरोगातही असेच दिसते. त्यामुळे वाहक असलेल्या गर्भवतीला महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन अपेक्षेप्रमाणे वाढत नाही आणि ती गोळ्या घेत नसावी, असा दोष तिच्यावर येतो. गोळ्या परस्पर बंद करणे योग्य नव्हे, कारण एकाच स्त्रीत दोन्ही कारणे असू शकतात. अशा वेळी हिमोग्लोबिन ए-टू या प्रकाराचे प्रमाण तपासावे; ते वाढलेले असेल, तर पतीचीही तपासणी लागलीच करणे आवश्यक ठरते. सिंधी, पंजाबी, लोहाणा यांसारख्या काही समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आहे हे खरे. परंतु कोणताच समाज यातून पूर्णतः मुक्त नाही.

बेडकाच्या अंड्यात सशाचे हिमोग्लोबिन

१९७१ साली इंग्लंडमध्ये जॉन गर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. सशाच्या कोवळ्या रक्तपेशींतून हिमोग्लोबिनचा संदेशवाहक आरएनए वेगळा काढून त्यांनी तो बेडकाच्या अपक्व अंड्यांत टोचला. बेडकाचे अंडे हिमोग्लोबिन बनवीत नाही. तरीही ते कित्येक दिवस सशाच्या हिमोग्लोबिनच्या साखळ्या बनवीत राहिले. निरोप कोणाचा आहे, हे रायबोसोम विचारीत नाही. भाषा कळली की तो काम करतो. ही भाषा जिवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ एकच आहे.

मग एखाद्या प्रथिनाऐवजी त्याचा संदेशच शरीरात पाठविला तर? ही कल्पना पुढे आली. पण बाहेरून आलेला आरएनए शरीराला शत्रू वाटे आणि दाह निर्माण होई. यु या अक्षराचे थोडे बदललेले रूप वापरले तर हा दाह टळतो, असे कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ साली दाखविले. डिसेंबर २०२० पासून देण्यात येऊ लागलेल्या आरएनए लसी याच पायावर उभ्या होत्या आणि त्या दोघांना २०२३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म वेष्टनातून करोना विषाणूच्या एका प्रथिनाचा संदेश पेशीत जातो, पेशी ते प्रथिन बनविते आणि शरीर त्याला ओळखण्यास शिकते. पुण्याच्या जिनोव्हा या कंपनीने विकसित केलेल्या अशा भारतीय लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. नेहमीच्या शीतकपाटाच्या, म्हणजे दोन ते आठ अंश तापमानात ती ठेवता येते, हे तिचे वैशिष्ट्य. आपल्याकडे बहुसंख्य लोकांना देण्यात आलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या लसी मात्र आरएनए लसी नव्हत्या. या बाबतीत अद्याप गैरसमज आहे. आरएनए लशीने माणसाची जनुके बदलतात काय, असेही विचारले जाते. हा संदेश केंद्रकाबाहेरच वाचला जातो आणि इतर संदेशांप्रमाणेच लवकर मोडून जातो. मूळ दप्तराशी त्याचा संबंध येत नाही.

उघडी आणि मिटलेली जनुके

बीटा हिमोग्लोबिनचे जनुक डोळ्याच्या, यकृताच्या आणि त्वचेच्या पेशीतही असते. तेथे त्याची नक्कल काढली जात नाही, एवढेच. कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी, कोणत्या जनुकाच्या किती नकला निघाव्यात, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. एकाच डीएनएपासून इतक्या भिन्न पेशी घडतात त्या यामुळे. निघालेल्या नकला आवरण्याचीही व्यवस्था आहे. अवघ्या वीस-बावीस अक्षरांचे काही आरएनए इतर संदेशांना चिकटून त्यांचे वाचन थांबवितात. १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत त्यांचा शोध लावणाऱ्या व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणेच लिहावे लागेल.

हिमोग्लोबिनपुरते पाहावयाचे तर, गर्भात बीटा साखळी जवळजवळ नसतेच. तिच्या जागी गॅमा नावाची साखळी असते. गॅमाचे जनुक बीटाच्या शेजारीच आहे. जन्माच्या सुमारास गॅमाच्या नकला घटत जातात आणि बीटाच्या वाढत जातात. सहा महिन्यांपर्यंत हा पालट बहुतांशी पूर्ण होतो. सिकलसेल असलेले तान्हे मूल पहिले काही महिने निरोगी दिसते आणि नंतर हातापायांवर सूज येऊन रडू लागते, त्याचे कारण हेच. चांगल्या गॅमाचे राज्य असेपर्यंत दोषी बीटाला संधी नसते.

मग गॅमाचे जनुक मिटूच न दिले तर? सिकलसेलवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध बऱ्याच अंशी हेच साधते. त्याने गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढते आणि वेदनेचे झटके कमी होतात. मात्र ते घेताना रक्ताची नियमित तपासणी करावी लागते. याहून मूलगामी उपाय २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाला. गॅमाचे जनुक मिटविणारे एक नियामक प्रथिन असते. रुग्णाच्या मज्जेतील मूळपेशी बाहेर काढून त्या प्रथिनाच्या जनुकावर रक्तपेशींत चालणारा एक दट्ट्याच तोडून टाकतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. डीएनएच्या तीनशे कोटी अक्षरांतून कापण्याची नेमकी जागा दाखविण्यासाठी सुमारे वीस अक्षरांची जुळणी साधणारा वाटाड्या लागतो आणि तो वाटाड्या आरएनएच असतो. या उपचाराची अमेरिकेतील किंमत बावीस लाख डॉलर ठरविण्यात आली. त्यात मज्जा रिकामी करणारी कठोर औषधेही घ्यावी लागतात. धडगाव किंवा भामरागडच्या रुग्णाला आज आधार आहे तो तपासणीचा, हायड्रॉक्सियुरियाचा, लसीकरणाचा आणि वेळेवर मिळणाऱ्या रक्ताचा.

तपासणी करताना गॅमा-बीटाचा हा पालट विसरून चालत नाही. गावपातळीवर केली जाणारी विद्राव्यता चाचणी रक्तातील सिकल हिमोग्लोबिनच्या प्रमाणावर अवलंबून असते. सहा महिन्यांच्या आतील बाळात ते इतके थोडे असते की, जनुक दोन्ही पालकांकडून आलेले असूनही चाचणी निर्दोष येऊ शकते. तिच्या विसंबावर बाळाला सिकलसेल नाही, अशी नोंद करू नये. आईवडील दोघेही वाहक असतील, तर बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताची हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करणाऱ्या यंत्रावर तपासणी करून घ्यावी आणि मूल वर्षाचे झाल्यावर ती पुन्हा करावी.